अल्ट्रासॉनिक मशीनवर नवीन लागलाय? मग कानाचं आधी बघा

कुपवाड, मिरज, पलूस, इकडं सातारा एमआयडीसी, शिरवळ, तासवडे, कुठंही जा, आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून पोरं कामाला लागतात आणि पहिल्या आठवड्यात जुनी माणसं सांगतात काय, तर प्रेसवर बोटं सांभाळ, ग्राइंडरवर चष्मा घाल. कानाचा विषय कोण काढत नाही. फाउंड्रीत नाहीतर प्रेस शॉपमध्ये असाल तर निदान दणदणाट कळतो तरी, पण अल्ट्रासॉनिक क्लीनिंगवर नाहीतर अल्ट्रासॉनिक वेल्डिंगवर टाकलं की सगळे म्हणणार, नशीब काढलंस गड्या, शांत सेक्शन आहे. हे लिहितोय ते त्या शांत सेक्शनमध्ये नवीन गेलेल्यांसाठी. घाबरवायचं नाहीये, पण जॉइन व्हायच्या आधी आणि पहिल्या महिन्यात काही गोष्टी करून ठेवल्या तर पुढं भांडायला हातात कागद असतो, आणि खरं म्हणजे भांडायची वेळच येत नाही.

आधी मशीन ओळखा

आपल्या भागात ही मशिनं दोन प्रकारची दिसतात. एक म्हणजे क्लीनिंग टँक. मशीनिंग झालेले पार्ट, व्हॉल्व्ह, पंपाचे पार्ट, यांचं तेल आणि बारीक बर (कडेला राहिलेला धातूचा कीस) काढायला बास्केटमध्ये घालून टँकमध्ये सोडतात. मिरजेतल्या मोठ्या हॉस्पिटलांत ऑपरेशनची हत्यारं धुवायलाही असलाच टँक वापरतात, आणि सराफाच्या दुकानात दागिने चकचकीत करायला छोटा डबा असतो तोही हाच. दुसरा प्रकार वेल्डिंगचा, त्यात हॉर्न, म्हणजे थरथरणारा धातूचा ठोकळा, खाली येतो, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांवर दाबतो आणि सेकंदाच्या आत जोड बसतो. २०२० ला मास्कची युनिटं निघाली तेव्हा कानाची दोरी चिकटवायला हेच मशीन होतं.

मशीनच्या मागं नाहीतर जनरेटरच्या डब्यावर प्लेट असते, तिच्यावर किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती हजार कंपनं ती फ्रिक्वेन्सी, लिहिलेलं असतं. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा (फोटोला परवानगी नसेल तर वहीत लिहा). टँक बहुतेक २५, २८ नाहीतर ४० किलोहर्ट्झचा असतो आणि वेल्डिंग मशीन १५, २०, ३०, ३५ किंवा ४० चं. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात असतं. म्हणजे १५ चं मशीन हे नावाला अल्ट्रासॉनिक, तरुण पोराला ते सरळ सरळ ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. माझ्या मते नवीन माणसानं प्लेटवर १५ बघितलं की इअर प्लगशिवाय त्याच्याजवळ उभंच राहू नये, पुढचं सगळं नंतर.

"ऐकूच येत नाही तर त्रास कसला?"

हा प्रश्न सगळे विचारतात, सुपरवायझर तर हमखास. तर होतं असं की मशीन ४० वर चालत असलं तरी त्यातनं निघणारा आवाज नुसता ४० चा नसतो. टँकमध्ये पाण्यात लाखो बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्या फुटण्याचा सुऽऽ असा पसरट आवाज येतो, आणि वर मूळ फ्रिक्वेन्सीच्या निम्म्यावर आणखी एक आवाज उठतो. म्हणजे ४० चा टँक २० वर, २८ चा १४ वर आणि २५ चा साडेबारावर आवाज करतो. वेल्डिंगमध्येही २० चं मशीन १० वर किंचाळतं, त्यात फिक्स्चर ढिलं असलं नाहीतर हॉर्नला चीर गेली असली तर विचारूच नका. हे साडेबारा-चौदा वगैरे ऐकू येणाऱ्या पट्ट्यातलंच आहे. म्हणून जाणकार लोक अल्ट्रासॉनिक नॉइज म्हणतात तेव्हा साधारण १० ते ४० किलोहर्ट्झ असा सगळा पट्टा धरतात.

आता यात एक गंमत आहे, गंमत कसली, भांडणाचं मूळच ते. वय वाढलं की कान वरनं जायला लागतो, म्हणजे सगळ्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पन्नाशीच्या माणसाला १२-१४ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक ऐकू येत नाही, आणि त्यानं आयुष्य प्रेस शॉपमध्ये काढलं असेल तर त्याहून कमी. मशीनवर उभा असतो १९ वर्षांचा पोरगा नाहीतर पोरगी, त्यांना ती शिट्टी डोक्यात घुसल्यासारखी वाटते, दुपारपर्यंत डोकं दुखतं, कानात दडे बसतात, कधी मळमळतं, आणि साहेब शेजारी उभं राहून म्हणतात कुठाय आवाज, मला तर काय ऐकू येईना, कामाचा कंटाळा आलाय तुला. साहेब खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच ऐकू येत नसतं. त्यामुळं तिथं आवाज चढवून काही होत नाही, आवाज पडद्यावर दाखवावा लागतो, ते कसं ते पुढं सांगतो.

कान खरंच जातो का? याचं सरळ उत्तर असं की १० ते २० किलोहर्ट्झ या वरच्या पट्ट्यात ऐकणं कमी झाल्याचं पोलंडमध्ये १९८० च्या दशकात अशा मशीनवरच्या ऑपरेटरांच्या तपासणीत दिसलं होतं. बोलणं समजायला लागतो तो खालचा पट्टा, तो एकट्या अल्ट्रासॉनिकमुळं जातो याचा पुरावा कच्चा आहे. पण आपल्याकडं एकटं अल्ट्रासॉनिक असतं कुठं? टँकच्या शेजारी एअर गननं पार्ट वाळवणं चालू, पलीकडं ग्राइंडिंग, मागं कॉम्प्रेसर. कान सगळ्याची बेरीज करतो. त्यातली एअर गन तर स्वतःच वरच्या पट्ट्यात जोरात आवाज करते आणि तिला कोण मोजतच नाही.

जॉइन व्हायच्या आधी: बेसलाइन

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. कामाला लागायच्या आधी, निदान पहिल्या आठवड्यात, कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो ती तपासणी, करून घ्या, पुढच्या तपासण्या जिच्याशी ताडायच्या ती बेसलाइन हीच. कंपनीच्या मेडिकलमध्ये करतात कधी कधी, पण ती बऱ्याचदा व्हॅनमध्ये, बाहेर ट्रक चालू, आणि दोन मिनिटांत उरकलेली. शक्य असेल तर स्वतः जाऊन करा. सांगली-मिरजेला कान-नाक-घशाचे डॉक्टर भरपूर आहेत, सिव्हिलला सोय असते, साताऱ्यातही आहे.

साधी टेस्ट २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच असते आणि आपला त्रास ८००० च्या वर आहे. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारायचं, तुमच्याकडं एक्सटेंडेड हाय फ्रिक्वेन्सी ऑडिओमेट्री होते का, १६ हजारांपर्यंत. प्रत्येक ठिकाणी ते मशीन आणि त्याचा वेगळा हेडफोन नसतो. नसेल तर साधी तरी करा, न करण्यापेक्षा बरी, पण असेल तिथं थोडं लांब पडलं तरी जा.

जाताना काय पाळायचं तर आदल्या दिवशीपासून कान शांत ठेवायचा, निदान १४ तास मोठा आवाज नको. शिफ्ट सुटल्या सुटल्या गेलात तर कान थकलेला असतो आणि रिपोर्ट उगाच खराब येतो, मग पुढं कंपनी म्हणणार की हा आधीपासूनच असा होता. गणपतीत डॉल्बीपुढं नाचून नाहीतर गावची जत्रा करून दुसऱ्या दिवशी तर अजिबात जाऊ नका. कानात मळ असेल तर आधी डॉक्टरकडनं काढून घ्या, बाजारात बसलेल्या कान साफ करणाऱ्याकडनं नको आणि घरी तेल घालूनही नको. आणि टेस्ट करणाऱ्याला सांगा की मी अमुक मशीनवर लागणार आहे, रिपोर्टवर तसं लिहून द्या.

रिपोर्टची मूळ प्रत घरी, फोटो मोबाइलमध्ये आणि एक मेल स्वतःलाच. कंपनीला द्यायची ती झेरॉक्स.

फ्लोअरवर पहिल्या दिवशी काय बघायचं

टँकला झाकण आहे का? आणि असलं तर ते लावतात का? कारण झाकण बहुतेक भिंतीला टेकून ठेवलेलं असतं, कोण सारखं उघड-बंद करणार म्हणून. वेल्डिंगला पेटी, म्हणजे चारही बाजूंनी बंद कॅबिन आहे का, का नुसतं मशीन टेबलावर उघडं आहे.

या आवाजाची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. फाउंड्रीचा घुमणारा आवाज अडवायला जाड भिंत लागते, पण २० किलोहर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची हवेतली लांबी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर, त्यामुळं साधी ॲक्रेलिकची शीट आणि आतनं फोम लावला तरी तो चांगला अडतो. खर्च काही हजारांचा, कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. फक्त फट ठेवायची नाही, दार बंद होतं तिथं रबराची पट्टी लागते, कारण आवाज फटीतनं सरळ बाहेर येतो. कुठल्याही सुपरवायझरला पटवायला सगळ्यात सोपी गोष्ट हीच आहे, म्हणून आधी प्लग मागण्यापेक्षा झाकण आणि पेटी मागा. प्लग म्हणजे तुमची जबाबदारी, पेटी म्हणजे कंपनीची.

चालू टँकमध्ये हात घालायचा नाही. पार्ट पडला म्हणून पटकन काढायला जातात पोरं. हवेतनं ही ऊर्जा अंगात फारशी जात नाही, कानातनं जाते तेवढीच, पण पाण्यातनं ती सरळ मांसात आणि हाडात जाते, बोटात ठणका मारतो. आधी बंद करा, मग काढा, नाहीतर चिमटा वापरा. पार्ट टँकच्या तळावर टाकायचे नाहीत, बास्केटमध्येच, तळावर टाकले की ते खडखडतात, आवाजही वाढतो आणि टँकही खराब होतो.

टँकमध्ये पाणी-साबण आहे का सॉल्व्हंट, तेही विचारा. ट्रायक्लोरोइथिलीन, टोल्यूइन, झायलीन यांची वाफ स्वतःच कानाला वाईट आहे, आवाजाबरोबर आली की जास्तच. डब्यावरचं लेबल वाचा, वासाला सवय झाली म्हणजे काही होत नाही असं नसतं.

आवाज मोजणं, आणि साहेबांना दाखवणं

कंपनीकडं नॉइजचा रिपोर्ट असतो, सेफ्टी ऑफिसरकडं मागा. आपल्याकडं मर्यादा ८ तासांना ९० डीबीए (आवाजाचं डेसिबलमधलं माप) आहे, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास, आणि ११५ च्या वर अजिबात नाही. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८ तासांना ८५ च धरायला सांगते आणि मला तेच बरोबर वाटतं.

पण रिपोर्टवर ८२ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. डीबीए मधला तो शेवटचा ए म्हणजे मीटर वरचा पट्टा कमी करून दाखवतो, २० किलोहर्ट्झवर तर साधारण ९ डेसिबल वजा. शिवाय क्लास २ चा स्वस्त मीटर असेल तर ८ किलोहर्ट्झच्या वर त्यानं बरोबर मोजलंच पाहिजे अशी त्याच्यावर सक्तीच नाही. त्यामुळं विचारायचं ते असं: मीटर जास्त अचूक, क्लास १ चा होता का, आणि एक-तृतीयांश ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे आवाजाचे अरुंद पट्टे पाडून, १०, १२.५, १६, २० किलोहर्ट्झचे आकडे वेगळे घेतलेत का. हा प्रश्न नवीन पोरानं विचारला की सेफ्टी ऑफिसर जरा सरळ बसतो, बघाच.

त्या आकड्यांना मर्यादा काय, तर यात जगभर एकमत नाही. कॅनडाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनेत २० किलोहर्ट्झला ७५ डेसिबल आहे, अमेरिकेतली एसीजीआयएच संस्था तिथंच १०५ ची कमाल मर्यादा धरते, पण ७५ ते १०५ मध्येही माणसाला त्रास होऊ शकतो असं तीही सांगते. मी तरी ७५ धरा म्हणेन, पेटी लावली की तिथपर्यंत आणणं अवघड नाही.

मोबाइलचं काय? फुकटात मिळणारं स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप टाका, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज ते त्यात रेघांनी दिसतं. फोनचा माइक २०-२२ किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, त्यामुळं ४० ची नाहीतर २८ ची रेघ दिसणार नाही, पण तिच्या निम्म्यावरची २० ची नाहीतर १४ ची रेघ उभी राहिलेली बऱ्याचदा दिसते. ॲपमधल्या डेसिबलच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो कुणीच धरणार नाही. वापरायचं ते तुलना करायला, झाकण उघडं आणि झाकण बंद, एकाच जागी फोन धरून. पेटीच्या कडेकडेनं फोन फिरवला की फट कुठाय तेही सापडतं. ज्या साहेबांना ऐकू येत नाही त्यांना हे पडद्यावर दाखवायचं, शांतपणे, सगळ्यांसमोर नाही. ऐकू न येणं हा कुणाचाही दुखरा विषय असतो.

प्लग घालायची पद्धत

कापसाचा बोळा हा प्लग नाही. रुमाल बांधणं, गाणी लावून इअरफोन घालणं, हेही नाही, गाणी लावली तर कानात आवाजावर आवाज.

फोमचा प्लग घ्यायचा, आधी हात धुवायचे (तेलकट हातानं घातला की दोन दिवसांत कान खाजतो आणि मग कायमचाच सुटतो), बोटांनी वळून वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हातानं डोक्यावरनं घेऊन कान वर आणि मागं ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटानं धरायची. बरोबर बसला असेल तर स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं ऐकू येतं. बाहेर अर्धा लोंबत असेल तर बसलेला नाही, काढून परत घाला. पाकिटावर किती डेसिबल आवाज अडतो त्याचा २९, ३३ असा आकडा असतो, तेवढं प्रत्यक्षात मिळत नाही, निम्मं मिळालं तरी खूप. तो आकडाही ८ किलोहर्ट्झपर्यंतच तपासून दिलेला असतो, पण बारीक आवाज फोममधनं फारसा जात नाही, त्यामुळं नीट बसवलेला प्लग या मशीनवर चांगलं काम करतो. मफ, म्हणजे अख्ख्या कानावर बसणारं झाकण, वापरत असाल तर चष्म्याच्या काडीमुळं, केसांमुळं, स्कार्फमुळं फट राहते का ते बघा. फोर्कलिफ्टचा हॉर्न आणि फायर अलार्म प्लग घालून ऐकू येतो का हेही एकदा तपासून घ्या.

त्रास व्हायला लागला तर

एक साधी वही ठेवा. तारीख, शिफ्ट, कुठलं मशीन, काय झालं. कानात शिट्टी वाजते का, ती किती वेळ राहते, सकाळी उठल्यावर जाते का. शिफ्ट संपल्यावर गाडीवर घरी जाताना आवाज दबका वाटतो आणि सकाळी बरं वाटतं, असं होत असेल तर तो इशारा आहे. तीच शिट्टी रविवारीही राहिली तर डॉक्टर. एका कानाला अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू यायचं बंद झालं तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं, ते मशीनमुळं असो नाहीतर नसो, तिथं उशीर केला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

वर्षानं परत टेस्ट करा, जमेल तर त्याच ठिकाणी, तशाच मशीनवर. २०००, ३०००, ४००० हर्ट्झ या तिन्हींची सरासरी काढा, बेसलाइनपेक्षा १० डेसिबलनं घसरली असेल तर अमेरिकेत कंपनीला दखल घ्यावी लागते, आपणही तोच आकडा धरून बोलावं. ४००० च्या आसपास खड्डा आणि ८००० ला परत वर, असा ग्राफ असेल तर तो नेहमीच्या मोठ्या आवाजाचा, प्रेस-ग्राइंडरचा शिक्का समजतात. १० हजारांच्या वरचं मात्र फक्त स्वतःच्याच जुन्या रिपोर्टशी ताडून बघा, शेजारच्याशी नको, तिथं माणसागणिक आणि वयागणिक फार फरक असतो. आणि डॉल्बी, ट्रॅक्टरवरचे स्पीकर, शिकारीचा बार, हे चालू ठेवून सगळं कंपनीवर टाकू नका, डॉक्टर हे पहिलं विचारतात.

कागदाची बाजू

आवाजामुळं येणारा बहिरेपणा हा फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कळवायच्या आजारांच्या यादीत होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नवीन सेफ्टी कोडच्या यादीतही आहे. असा पेशंट दिसला की मॅनेजरनं आणि डॉक्टरनंही सरकारला कळवायचं असतं. डॉक्टरला निदान लेखी द्यायला सांगा, नुसत्या गोळ्या घेऊन येऊ नका. कंपनी ऐकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला आपण फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतो, तिथं लेखी अर्ज देता येतो.

पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर तिथंही हा व्यवसायजन्य आजार म्हणून धरतात, त्या कामावर सलग ६ महिने झालेले असले पाहिजेत. कंत्राटी असाल तरी ईएसआयचा नंबर मिळालाच पाहिजे, कंत्राटदारानं भरलं नाही तर मूळ कंपनी जबाबदार असते. पण अप्रेंटिस ॲक्टखाली अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर ईएसआयमध्ये धरत नाहीत, तिथं भरपाईची जबाबदारी सरळ मालकाची असते. म्हणून ऑफर लेटरवर नक्की काय शब्द आहे, ट्रेनी, अप्रेंटिस का कंत्राटी, ते पहिल्याच दिवशी वाचा, एचआरला विचारायला लाजू नका.

नोकरी सोडताना पीएफ आणि रिलीव्हिंग लेटरच्या मागं लागतो तसं शेवटची ऑडिओमेट्री पण मागून घ्या, सोडायच्या आठवड्यातली तारीख असलेली. दुसऱ्या कंपनीत गेलात की तीच तुमची नवी बेसलाइन होते, आणि जुन्या कंपनीनं दिली नाही तर सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन करून घ्या, तोपर्यंत वहीचं आणि प्लेटच्या फोटोचं पाकीट टाकून देऊ नका.